हेअर, राउ आणि स्टेपनी : राजघराण्याच्या भांडणातून शिकलेलं इंग्रजी

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून करते.

जानेवारी २०२०. मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते. बी.कॉम. झालेलं, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, गाव लातूर जिल्ह्यातलं. नोकरीसाठी इंटरव्ह्यू देत फिरायचे आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजीपाशी गाडी अडायची. क्लासच्या मॅडमनी एकच उपाय सांगितला होता : रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाच. मी इमानदारीत अर्थव्यवस्थेच्या बातम्या वाचायला घेतल्या आणि तिसऱ्या ओळीला झोप यायला लागली.

आणि मग ८ तारखेला ती बातमी आली. इंग्लंडच्या राणीचा नातू हॅरी आणि त्याची बायको मेगन यांनी इन्स्टाग्रामवर जाहीर केलं, की आम्ही राजघराण्याच्या कामातून मागे सरतोय आणि आमचं आम्ही कमावणार. घरच्यांना पुरतं सांगायच्या आधीच जगाला सांगितलं म्हणे. मोठा भाऊ नाराज, आजी दुखावलेली, सुनेकडे बोटं. मी ती बातमी एका दमात वाचली. निम्मे शब्द येत नव्हते, तरी सगळं कळत होतं! कारण ही गोष्ट मला आधीच माहीत होती. आमच्या गल्लीत ती दर दोन घरांआड घडलेली आहे. गोष्ट ओळखीची असली की शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो, डिक्शनरी नंतर उघडली तरी चालते. मी शंभर पानी वही केली आणि पहिला शब्द लिहिला : रिफ्ट.

भूगोलात आपण सगळ्यांनी आफ्रिकेतली ग्रेट रिफ्ट व्हॅली पाठ केली आहे. तोच हा शब्द. मूळ स्कँडिनेव्हियन भाषांमधलं, अर्थ चीर किंवा भेग. फाडणे या अर्थाचं क्रियापद त्याच्या नात्यातलं. मराठी पेपर याला बेबनाव म्हणतात, दुरावा म्हणतात. पण रिफ्टमध्ये जमीन दुभंगल्याचं चित्र आहे, ते बेबनावात नाही. एकदा पडलेली चीर कुणी मुद्दाम वाढवावी लागत नाही, ती आपोआप रुंदावत जाते.

हेडलाइनची इंग्रजी ही वेगळीच चीज आहे. रिफ्ट, फ्यूड, स्नब, क्विट, सगळे बुटके शब्द. छापील पेपरात मोठ्या टायपात थोडीच अक्षरं मावतात, म्हणून तीन-चार अक्षरी शब्दांची चलती. आपल्याकडे नाही का, प्रत्येक राजकीय बातमीत 'तिढा' आणि 'पेच' असतो. असाच एक शब्द आर-ओ-डब्ल्यू. रांग असेल तर रो, भांडण असेल तर राउ. मी महिनाभर 'रॉयल रो' वाचत होते आणि मनात चित्र होतं की राजघराण्यातली माणसं कुठेतरी रांगेत उभी आहेत.

आता फजिती. फेब्रुवारीत एका कंपनीत ग्रुप डिस्कशन होतं, विषय चालू घडामोडी. मी तयारीत होते. ठणकावून इंग्रजीत सांगितलं, विल्यम हेअर आहे आणि हॅरी हेअर नाही. टेबलापलीकडचे साहेब गंभीरपणे म्हणाले, "मला तर उलटंच वाटतं. केस हॅरीला जास्त आहेत." सगळी खोली हसली. मीही हसले, नाहीतर काय करणार. खोलीवर येईपर्यंत मात्र कान गरम होते.

वारस या अर्थाच्या त्या शब्दाचा उच्चार 'एअर'. एच लिहायचा, म्हणायचा नाही. ऑनर, ऑनेस्ट, अवर हे सगळे त्याच गोत्रातले. कारण शोधायला गेले तर थेट १०६६ साली पोचले. त्या वर्षी फ्रान्सच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. क्राउन, थ्रोन, प्रिन्स, ड्यूक, एअर, हे सगळे फ्रेंचमधून आले. किंग आणि क्वीन हे दोन मात्र जुने, देशी. म्हणजे माणसं देशी शब्दात राहिली आणि खुर्ची, मुकुट, वारसाहक्क सगळं विजेत्यांच्या भाषेत गेलं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. वारस हा अरबी, तख्त हा फारसी, आणि आपण दोन्ही रोज वापरतो. मला हे त्या टेबलापाशी माहीत असतं तर! असो.

वारसाचेही दोन प्रकार असतात. एअर अपॅरंट म्हणजे पक्का वारस, नंतर कुणीही जन्मलं तरी त्याचा नंबर जात नाही. एअर प्रिझम्प्टिव्ह म्हणजे तूर्तास वारस, अधिक जवळचा कुणी जन्मला नाही तोवर. एलिझाबेथ दहा वर्षांची असताना एकदम एअर प्रिझम्प्टिव्ह झाली आणि राणी होईपर्यंत ती तीच राहिली. कारण कायद्याच्या लेखी तिला भाऊ होण्याची शक्यता होती, आणि तेव्हाच्या नियमाने धाकटा भाऊसुद्धा बहिणीच्या पुढे.

मग दुसऱ्या मुलाला काय म्हणायचं? इंग्रजांचा जुना वाक्प्रचार आहे : एक एअर आणि एक स्पेअर. गादीला एक वारस, आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर हाताशी एक जास्तीचा. हॅरीच्या आत्मचरित्राचं नावच स्पेअर, ते जानेवारी २०२३ मध्ये आलं. मराठीत याला काय म्हणावं यावर मी बराच वेळ घालवला. राखीव? जादा? शेवटी रिक्षावाल्या काकांनी नकळत उत्तर दिलं : "थांबा ताई, स्टेपनी लावतो."

स्टेपनी! या शब्दाची गंमत बघा. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावात पंक्चर चाकावर बसवायची एक तयार रिंग बनवायला सुरुवात झाली. कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून नाव स्टेपनी. ब्रिटनमध्ये आज हा शब्द जवळजवळ विसरला गेलाय, आपल्याकडे मात्र टेम्पोपासून मर्सिडीजपर्यंत सगळ्यांना स्टेपनीच असते. आणि वेल्स म्हणजे तोच प्रांत, ज्याच्या नावाने गादीच्या थोरल्या वारसाला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणतात. थोरल्याला बिरुद वेल्सचं आणि धाकट्यासाठीचा आपला शब्दही वेल्सचाच.

पण स्पेअर म्हणून हिणवायच्या आधी हे लक्षात घ्या, की या घराण्याची गाडी विसाव्या शतकात दोनदा स्टेपनीवर चालली. पाचवा जॉर्ज हा दुसरा मुलगा. त्याचा थोरला भाऊ अल्बर्ट व्हिक्टर १८९२ मध्ये वारला. मग जॉर्जला गादी मिळाली आणि भावाची वाग्दत्त वधू मेरी हीसुद्धा त्याचीच राणी झाली. दुसऱ्यांदा हे घडलं १९३६ मध्ये. आजच्या एपिसोडचा मुख्य भाग तोच आहे, कारण २०२० च्या प्रत्येक बातमीत कुणी ना कुणी त्या वर्षाचं नाव काढत होतं आणि माझ्या वहीत एक लांबलचक शब्द येऊन बसला होता : ॲब्डिकेशन.

२० जानेवारी १९३६ ला पाचवा जॉर्ज वारला आणि थोरला मुलगा आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. हा आपल्याला अगदीच परका नाही बरं का. युवराज असताना नोव्हेंबर १९२१ मध्ये तो मुंबईत उतरला, तेव्हा असहकार चळवळ ऐन भरात होती. त्याच्या स्वागतावर बहिष्कार, परदेशी कापडाची होळी, आणि त्यातून मुंबईत दंगल पेटून माणसं मेली. गांधीजींनी उपोषण केलं. आणि त्याच दौऱ्यात पुण्यात शाहू महाराजांच्या पुढाकाराने शिवस्मारकाची पायाभरणी याच युवराजाच्या हातून झाली. एकाच पाहुण्याचं एका शहरात असं आणि दुसऱ्या शहरात तसं. यावर वेगळा एपिसोड करायचाय, आज नको.

तर एडवर्डचं प्रेम होतं वॉलिस सिम्पसन या अमेरिकन बाईंवर. त्यांचा एक घटस्फोट झालेला, दुसरा व्हायचा होता. २७ ऑक्टोबर १९३६ ला इप्सविचच्या कोर्टात दुसऱ्या घटस्फोटाचा प्राथमिक हुकूम झाला. अमेरिकेतले पेपर रकानेच्या रकाने भरून लिहीत होते. ब्रिटनमधल्या पेपरांत राजाचं नाव नाही, कारण मालकांनी आपसात गप्प राहायचं ठरवलं होतं. अमेरिकेहून येणाऱ्या मासिकांतली ती पानं ब्रिटनमध्ये विक्रेते कात्रीने कापून मगच अंक विकायचे. म्हणजे ज्या देशाचा राजा, त्या देशालाच पत्ता नाही. शेवटी १ डिसेंबरला ब्रॅडफर्डचे बिशप ब्लंट एका सभेत बोलले, की राजाला देवाच्या कृपेची गरज आहे आणि त्याची जाणीव त्याने जरा जास्त दाखवावी. त्यांचा रोख राजा चर्चला फारसा जात नाही यावर होता. पण यॉर्कशायर पोस्टने त्यावर अग्रलेख लिहिला, आणि दोन दिवसांत सगळ्या पेपरांनी तोंड उघडलं.

राजाने कुणाशी लग्न करावं यात सरकारचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. अडचण अशी, की तो चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख होता, आणि घटस्फोटित व्यक्तीचा आधीचा जोडीदार हयात असताना पुन्हा लग्न लावायला ते चर्च तयार नव्हतं. शिवाय राजाने मंत्र्यांच्या सल्ल्याने चालायचं हा पायंडा. पंतप्रधान बाल्डविन यांचा सल्ला स्पष्ट होता. राजाने सल्ला झुगारला तर सरकार राजीनामा देणार.

यातून वाट काढायला राजाने एक शब्द पुढे केला, तो माझा लाडका आहे : मॉर्गनॅटिक. हा विवाह कायदेशीर, बायको धर्मपत्नी, पण तिला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादी नाही. या शब्दाच्या मुळाशी 'सकाळची भेट' या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा जी भेट देईल तेवढ्यावरच तिचा हक्क, बाकी इस्टेटीवर नाही. ब्रिटिश मंत्रिमंडळाने आणि कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांच्या सरकारांनी हा तोडगा नाकारला. राजाची बायको ती राणीच, अर्धीमुर्धी भानगड नको.

उरलं ॲब्डिकेशन. १० डिसेंबरला फोर्ट बेल्व्हेडीअर या घरी एडवर्डने पदत्यागाच्या कागदावर सही केली. साक्षीदार म्हणून खाली तीन सह्या : तिघेही त्याचे सख्खे भाऊ. वाटणीपत्रावर भावांच्या सह्या असतात तशाच. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटने कायदा केला आणि ३२६ दिवसांची कारकीर्द संपली. त्या रात्री विंडसरहून तो रेडिओवर बोलला, मनातल्या बाईच्या आधाराशिवाय हा भार उचलणं जमणार नाही असं सांगितलं, आणि पोर्ट्समथहून बोटीने देश सोडला. धाकटा भाऊ अल्बर्ट सहावा जॉर्ज झाला. त्याचीच थोरली मुलगी एलिझाबेथ.

ॲब्डिकेट हा शब्द लॅटिन. 'ॲब' म्हणजे दूर आणि 'डिकारे' म्हणजे जाहीर करणे. पण खरा धक्का पुढे आहे. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ गादी सोडणे असा नव्हता. बापाने मुलाला नाकारणे, वारसा तोडणे, हा होता. गादी सोडण्याचा अर्थ नंतर आला. १९३६ मध्ये सही राजाने केली, म्हणजे व्याकरणात कर्ता तोच. पण त्यानंतर कुणी कुणाला नाकारलं, हे बघायला पुढचं वर्ष बघावं लागतं.

एडवर्डला ड्यूक ऑफ विंडसर ही पदवी मिळाली. ३ जून १९३७ ला फ्रान्समधल्या एका शातोमध्ये लग्न झालं. राजघराण्यातलं कुणीही गेलं नाही. आणि लग्नाच्या काही दिवस आधी लंडनहून एक फर्मान निघालं : ड्यूकना 'हिज रॉयल हायनेस' म्हणायचं, पण हा मान त्यांच्या पत्नीला आणि मुलांना मिळणार नाही. जे मॉर्गनॅटिक लग्न राजाला नाकारलं होतं, जवळपास तेच आता त्याच्यावर लादलं. घर गेलं, देश गेला, पण एडवर्डला आयुष्यभर डाचत राहिलं ते हे. बायकोला 'हर रॉयल हायनेस' म्हणा यासाठी तो वर्षानुवर्षं भावाकडे तगादा लावत राहिला. त्याच्याबद्दल मला फार कळवळा नाही. त्याच वर्षी तो जर्मनीत जाऊन हिटलरला भेटून आला, ते विसरता येत नाही. पण हे दुःख मला कळतं.

कारण आमच्याकडे हे पत्रिकेवरून झालं. २००९ मध्ये माझ्या मोठ्या ताईच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या यादीतून धाकट्या काकांचं नाव राहिलं. अप्पा म्हणतात प्रेसवाल्याची चूक. काका म्हणतात, प्रूफ कुणी तपासलं होतं? बांधावरून आधी कुरबूर होतीच, पण बांधासाठी माणसं बोलणं तोडत नाहीत, निदान आमच्याकडे तरी तोडलं नव्हतं. नाव गळलं आणि तेव्हापासून अबोला. वहीत मी एक शब्द लिहिला होता, एस्ट्रेंज्ड. स्ट्रेंजरचाच भाऊ, आपल्या माणसाला परका करणे. त्याच्यापुढे मराठी अर्थ लिहिलाच नाही, फक्त काकांचं नाव लिहिलं.

आता पुन्हा २०२० कडे येऊ. हॅरीच्या निवेदनात शब्द होता 'स्टेप बॅक', एक पाऊल मागे. पेपरांनी लिहिलं 'क्विट', सोडून गेला. स्टेप बॅक करणारा परत पुढे येऊ शकतो, क्विट करणारा गेलाच. निवेदनाचा शब्द एक आणि हेडलाइनचा दुसरा, आणि लोकांच्या डोक्यात राहिला तो हेडलाइनचा. जानेवारीतच राजवाड्याने निर्णय दिला : एच.आर.एच. ही पदवी राहील, पण वापरायची नाही. १९३७ मध्ये जी अक्षरं दिलीच नाहीत, ती २०२० मध्ये कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगितली.

मार्च २०२१ मध्ये हॅरी-मेगनची ओप्राबरोबरची मुलाखत आली आणि दोन दिवसांनी राणीच्या वतीने उत्तर. अवघे ६१ शब्द. त्यातले तीन जगभर गाजले : रिकलेक्शन्स मे व्हेरी. आठवणी वेगवेगळ्या असू शकतात. तुम्ही इंग्रजी शिकत असाल तर हे वाक्य तासभर समोर ठेवा. कुणी खोटं बोलतंय असं म्हटलेलं नाही. कर्ता माणूस नाहीच, कर्ता आहेत आठवणी. 'मे' घातल्याने तेही पक्कं नाही. आणि तरीही वाचणाऱ्याला कळतं की आरोप मान्य नाही. मी काकांच्या तोंडी हे वाक्य घालून पाहिलं. ते म्हणाले असते, "तुझा बाप खोटारडा आहे." आमच्याकडे भांडण असं सरळ असतं. त्यातलं जास्त जखम करणारं कुठलं, मला अजून ठरवता आलेलं नाही. घासूनपुसून केलेल्या त्या तीन शब्दांनाही पाच वर्षं होऊन गेली की चीर भरत नाही, हे दिसतंच आहे.

मे २०२५ मध्ये हॅरीने बीबीसीच्या मुलाखतीत एक शब्द वापरला, रिकन्सिलिएशन. मला घरच्यांशी समेट हवाय, म्हणाला. हा शब्द ऐकून मला हसू आलं, कारण मी आता अकाउंट्समध्ये आहे आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हेच करते. बँक रिकन्सिलिएशन. आपल्या वहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळत नाही, मग दोन्ही समोर ठेवून एकेक नोंद टिक करत जायचं. कुठला चेक आपण लिहिलाय पण त्यांच्याकडे पोचलाच नाही, कुठले चार्जेस त्यांनी कापलेत आणि आपल्याला माहीतच नाहीत. बहुतेक वेळा चोरी कुणाचीच नसते. पण दोन्ही वह्या एका टेबलावर आल्याशिवाय कामच सुरू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हॅरी लंडनला वडिलांना भेटून आला, चहापुरता.

एडवर्ड २८ मे १९७२ ला पॅरिसमध्ये वारला, त्याला आणून विंडसरच्या फ्रॉगमोरमध्ये पुरलं. हॅरी-मेगनचं घर होतं तोही याच आवारात. वॉलिस १९८६ मध्ये गेली, तिला त्याच्या शेजारी जागा मिळाली. तिच्या शवपेटीवरच्या पाटीवर लिहिलं होतं : वॉलिस, डचेस ऑफ विंडसर. ती तीन अक्षरं तेव्हाही नव्हती.

या मेमध्ये आमच्याकडे धाकट्या भावाचं लग्न आहे. पत्रिकेचं प्रूफ प्रेसकडून माझ्या व्हॉट्सॲपवर आलंय, आणि मी ते अप्पांना पाठवायच्या आधी काकांना पाठवलंय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर अजून नाही.

आजचे सगळे शब्द ऑडिओच्या शेवटच्या दोन मिनिटांत मी सावकाश म्हटलेत. निदान 'एअर' आणि 'राउ' एवढे तरी ऐकून घ्या, इंटरव्ह्यू असेल तर नक्कीच. भेटू पुढच्या रविवारी.